इस्त्रीखाली गेलेला इंच

सासूबाईंची खाट पुढच्या खोलीतून आत हलली, त्या दिवशी घरात जेवताना कुणी बोललं नाही. खाट काही फार जड नव्हती. पण वीस वर्षं ती रस्त्याकडच्या खिडकीशी होती, आणि तिच्यावर बसल्या बसल्या सासूबाईंना कोण आलं, कोण गेलं, कुणाच्या हातात कसली पिशवी, कोण कुणाशी कोपऱ्यावर किती वेळ बोललं, सगळं घरबसल्या कळत असे. आता त्या खिडकीशी शिलाई मशीन आलं होतं आणि खोलीच्या मधोमध कापड बेतायचं लांबलचक टेबल.

"तीन महिने," सासूबाई म्हणाल्या. "तीन महिन्यांत दुकान चाललं तर चाललं. नाही तर माझी खाट माझ्या खिडकीत."

सून मान हलवून हो म्हणाली. तोंडाने म्हणता येण्यासारखं नव्हतं, कारण तोंडात टाचण्या होत्या.

या टाचण्यांवरूनच तिला सगळे टाचणी म्हणत. नाव ठेवलं होतं उस्तादांनी, ज्यांच्याकडे ती पाच वर्षं शिलाई शिकली. अंगाने किडकिडीत, डोक्यावर मधोमध घट्ट अंबाडा, आणि ओठांत कायम पाच-सहा टाचण्या धरलेल्या. पहिल्या दिवशी तिला बघून उस्ताद म्हणाले होते की हिला वेगळी टाचणी कशाला द्यायची, हिलाच कापडात खोचू. ती तेव्हा चौतिशीची होती, मुलगी शाळेत जायला लागली होती, आणि दुकानातल्या बाकीच्यांना वाटलं होतं की ही बाई महिनाभर टिकली तरी खूप.

महिनाभर टिकली, पण महिना संपता संपता एक उद्योग करून बसली. इस्त्री करता करता तिचं लक्ष उडालं आणि उस्तादांचा माप घ्यायचा टेप इस्त्रीखाली सापडला. पितळी टोक असलेला, पिवळा पडलेला, उस्तादांच्या उस्तादांनी दिलेला टेप. वास आल्यावर तिने इस्त्री उचलली, तोवर टोकासकट पहिला इंच जळून खाक. टाचणी जागच्या जागी थिजली. आता आपली रवानगी घरी, हे तिने मनाशी धरलंच. पण उस्तादांनी टेप उचलला, जळका भाग कात्रीने सरळ कापून टाकला, आणि एवढंच म्हणाले, "आता वहीत एक कमी लिहीत जा."

नवा टेप आणायला ते तयार नव्हते. नवे टेप ताणतात, म्हणे. कापडावर खुणा करायला टेबलाला लाकडी पट्टी होतीच. टेप लागे तो फक्त माणसाच्या अंगाला. तेव्हा दुकानाची रीत अशी पडली: उस्ताद गिऱ्हाइकाच्या छातीभोवती टेप लावत आणि टेपवर दिसेल तो आकडा मोठ्याने सांगत. चौतीस. टाचणी वहीत लिही तेहतीस. उस्ताद म्हणत बेचाळीस, ती लिही एक्केचाळीस. सुरुवातीला ती आकडा बोटांवर मोजी. मग मनात. पुढे पुढे मनाचीही गरज उरली नाही, हातच परस्पर एक कमी करून मोकळा होई. पाच वर्षांत त्या टेपाबद्दल दोघंही पुन्हा चकार शब्द बोलले नाहीत. एकाला आठवण काढायची नव्हती, दुसरीला करून द्यायची नव्हती.

पाच वर्षं झाली आणि टाचणीने स्वतःचं दुकान काढायचं ठरवलं. खरं तर ठरवलं तिच्या नवऱ्याने. तो बस चालवायचा आणि रोज रात्री जेवताना सांगायचा की बसच्या वाटेवर इतकी माणसं इतके वाईट बेतलेले कपडे घालून उभी असतात की बघवत नाही. टाचणी ऐकून घेई. एक दिवस तिने देवासमोर हात जोडले, हो की नाही ते तूच बघ म्हणाली, आणि उस्तादांना जाऊन सांगितलं.

उस्ताद उठले. मग कपाटातून एक पुडा काढला. त्यात नवी कोरी कात्री होती आणि नवा कोरा टेप, पितळी टोकाचा. म्हणजे आधीच आणून ठेवला होता. तिच्या हातात देताना ते म्हणाले की तुझी खुर्ची मी कुणाला देत नाही, जमलं नाही तर सरळ ये. टाचणीला रडू आलं, पण तोंडात टाचण्या असल्यामुळे नीट रडताही आलं नाही.

दुकानाचं पहिलं काम घरचंच. सासूबाईंना घरात घालायला जाकीट हवं होतं. टाचणीने नवा टेप काढला, पितळी टोक कपाळाला लावलं आणि माप घेतलं. आता आकडा सांगायला कुणी नव्हतं, म्हणून तिने स्वतःच उस्तादांसारखा घसा खाकरून मोठ्याने म्हटलं, "अडतीस." आणि मग टाचणी होऊन वहीत लिहिलं, सदतीस.

जाकीट तयार झालं. सासूबाईंनी घातलं, पहिलं बटण लावलं, दुसरं लावलं, तिसऱ्याला डोळे मोठे झाले.

टाचणीने वहीत बघितलं, मग पट्टीने जाकीट मोजून बघितलं. सदतीसला सदतीस. काम चोख. तिने जितक्या अदबीने सांगता येईल तितक्या अदबीने सांगितलं की आई, तुम्ही चार दिवसांत जराशा अंगाने भरलात वाटतं. त्या संध्याकाळपासून सासूबाईंनी चहातली साखर बंद केली, आणि साखरेचा डबा असा काही लांब ढकलला की घरादाराला कळावं, कुणाच्या बोलण्यामुळे आपण एवढ्या वयात तोंडची चव सोडली.

मग नवऱ्याचा शर्ट. तो घालून बसचं स्टिअरिंग वळवताना त्याच्या पाठीवर टर्र आवाज झाला. घरी येऊन तो म्हणाला की पहिल्याच वळणाला शिलाई गेली, बाकीची चौदा वळणं उतारू माझी पाठ बघत होते. टाचणीने पुन्हा वही बघितली, पुन्हा शर्ट मोजला. शर्ट वहीबरहुकूम होता. ती म्हणाली, दिवसभर बसून काम, पोट सुटणारच. नवऱ्याने रात्रीचा भात सोडला. मायलेक समोरासमोर बसून निम्मं जेवत आणि निम्म्या जेवणाचा राग टाचणीकडे बघून काढत. मुलीचा फ्रॉक तेवढा कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. वाढतं अंग, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं.

सहाव्या आठवड्यात बँडवाले आले.

नऊ जण होते. गावच्या बागेत चबुतरा नवा बांधला होता आणि दोन आठवड्यांनी रविवारी तिथे त्यांचं पहिलं वाजवणं होतं. जुने कोट कसरीने खाल्ले होते. बँडमास्तर म्हणजे पांढऱ्या मिशांचा, फार सभ्य गृहस्थ. त्यांनी लाल कापडाचे गठ्ठे टेबलावर ठेवले आणि सांगितलं की नऊ कोट, बंद गळ्याचे, आणि रविवारी गावातले झाडून सगळे लोक समोर असतील. टाचणीला पुढचं सांगायची गरज नव्हती. नऊ कोट अंगावर छान बसले तर सगळं गाव बघणार. नाही बसले तरी सगळं गाव बघणार. आतल्या खोलीत खाटेचा करकर आवाज झाला. सासूबाई उठून दाराशी आल्या होत्या.

टाचणीने नऊ जणांना रांगेत उभं केलं. एकदा घसा खाकरून उस्ताद, एकदा वाकून टाचणी. चव्वेचाळीस, त्रेचाळीस. चाळीस, एकोणचाळीस. गळा सोळा, पंधरा. मोठं, अंगाला वेढून घ्यायचं पितळी वाद्य वाजवणारे एक भलेमोठे काका होते, त्यांच्याभोवती टेप कसाबसा पुरला. सगळ्यात शेवटी बासरीवाला, इतका बारीक की बाकीचे त्याला काडी म्हणत. आठ दिवस मशीन थांबलं नाही. प्रत्येक कोटाच्या आत, शिवणीत आणि दुमडीत, दोन बोटं जास्तीचं कापड तिने सोडलं. या जास्तीच्या कापडाला शिंपी लोक माया म्हणतात. उस्तादांनी तिला एवढं एकच ओरडून शिकवलं होतं, की कापडाला माया ठेवल्याशिवाय कात्री लावायची नाही. दिसायला मात्र कोट असे देखणे झाले की सासूबाईंनीसुद्धा एकाची बाही हळूच चाचपून बघितली.

बुधवारी मंडळी वाद्यं घेऊनच कोट घालून बघायला आली. घातले. रांगेत उभी राहिली. लालभडक, तुकतुकीत. बँडमास्तरांनी वाजवायची खूण म्हणून हात वर केला, आणि नऊ जणांनी श्वास भरून घेतला.

पहिलं बटण मोठ्या काकांचं उडालं. ते खिडकीच्या काचेवर टणकन आपटलं. मग दुसरं, मग एका तुतारीवाल्याचं. गळे आवळल्यामुळे कुणाच्या वाद्यातून सूर निघेना, निघाला तो कोंबडीच्या पिलासारखा. ढोलवाला तेवढा हाताने वाजवणारा, पण त्याने हात उचलल्याबरोबर काखेत टर्र झालं.

बँडमास्तर ओशाळले. ते म्हणाले की बाई, चूक आमचीच आहे. नवे कोट यायचे म्हणून आनंदात आम्ही आठवडाभर बाहेर जेवलो. आजपासून सगळ्यांचं एक वेळचं जेवण बंद, रविवारपर्यंत होतील मापात. नऊ जणांनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात मागून काडी म्हणाला, "मी जन्मात कधी जाड झालेलो नाही. आणि मलाही हा आवळतोय."

टाचणीने त्याच्याकडे बघितलं. त्याच्या मनगटाच्या हाडाच्या वर बाही थांबली होती. जेवून जेवून छाती वाढेल, पण हात लांब कसा होईल? तिने तोंडातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या. ती असं सहसा करत नसे. म्हणाली, शनिवारी संध्याकाळी या, तोवर काहीतरी करते. काय करणार होती ते तिचं तिलाही माहीत नव्हतं.

मंडळी गेल्यावर ती वही उघडून बसली. माप वहीप्रमाणे, कोट वहीप्रमाणे, आणि अंगं मात्र वहीप्रमाणे नाहीत. तिला एकच अर्थ लागला: आपल्याला माप घेताच येत नाही. पाच वर्षं माप उस्ताद घेत होते, आपण नुसतं लिहीत होतो. टेप धरायचा म्हणजे त्यात काहीतरी कसब असणार, हाताची काहीतरी ओढ, जी उस्तादांनी शिकवली नाही आणि आपण विचारली नाही. सासूबाई आत खाटेवर होत्या. टोमणा येईल म्हणून टाचणी वाट बघत राहिली, पण आला नाही, आणि टोमणा न आल्याने तिला जास्तच वाईट वाटलं. सकाळी तिने देवाला नमस्कार केला, तुझ्या मनात नाही तर नाही म्हणाली, आणि आपली खुर्ची मागायला उस्तादांकडे निघाली.

उस्तादांच्या दुकानात शिरताना दारात एक गिऱ्हाईक तिला आडवं आलं. गृहस्थ भलता खुशीत होता. कंबरेशी पँट मुठीत धरून तो सांगत होता की बघा, बायको म्हणत होती तू काही बारीक होणार नाहीस, आता तिला दाखवतो.

आत उस्ताद स्टुलावर बसले होते. नाकावर नवाच चष्मा, जाड भिंगांचा. टाचणीने विचारलं काय झालं, तर त्यांनी आधी नुसता हात हलवला. मग म्हणाले की सहा आठवडे झाले, हातून जो कपडा जातो तो ढगळ जातो. लोक खूश आहेत, सगळ्यांना वाटतं आपण वाळलो. पण सबंध गाव एकदम वाळेल कसं? डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो, चष्मा घेतला, काही फरक नाही.

"टाचणे, माझे डोळे गेले," उस्ताद म्हणाले. "आता दुकान बंद करावं म्हणतो."

टाचणी आपली खुर्ची मागायला आली होती. हे ऐकून तिला तोंड उघडायचा धीर होईना. तेवढ्यात एक माणूस कोट शिवायला आला. उस्ताद उठले, जुना टेप काढला. त्यांची भाची वही घेऊन बसली. कॉलेजात जाणारी चुणचुणीत मुलगी, टाचणी गेल्यापासून मामाला मदत करायला यायची. उस्तादांनी चष्मा सावरत टेप छातीभोवती लावला.

"चाळीस."

भाचीने लिहिलं चाळीस. आणि कोपऱ्यात उभी असलेली टाचणी, कुणी विचारलं नसताना, सवयीने पुटपुटली, "एकोणचाळीस."

भाचीने वर बघितलं. उस्तादांनी वळून बघितलं. म्हणाले, मी चाळीस म्हणालो. टाचणी म्हणाली हो, चाळीसच म्हणालात. मग एकोणचाळीस कुठून आलं? टाचणी सांगायला गेली आणि थांबली. तिची नजर टेपाच्या टोकावर गेली होती. पितळ नव्हतं. टेप एकपासून सुरू होत होता.

उस्तादांनीही तिच्या नजरेमागोमाग तिकडे बघितलं.

कोट शिवायला आलेला माणूस हात पसरून तसाच उभा होता. त्याने विचारलं की मी हात खाली घेऊ का. टाचणी मटकन आपल्या जुन्या खुर्चीवर बसली, आणि तिला हसू फुटलं. पाच वर्षं तिने जो इंच वजा केला होता, तो उस्तादांच्या डोक्यातून केव्हाच गेला होता. आणि ती जाताना एक कमी लिहायची सवय नकळत आपल्याबरोबर घेऊन गेली होती. इथे गाव सैल होत होतं, तिथे आवळत होतं. तिने हसत हसत सासूबाईंची साखर सांगितली, नवऱ्याची पाठ सांगितली, मोठ्या काकांचं बटण सांगितलं. उस्तादांनी जाड भिंगांचा चष्मा काढला, डोळे पुसले, आणि चष्मा खिशात टाकला तो पुन्हा काढला नाही.

मग ते एकदम गंभीर झाले. भाचीला बाहेर पाठवलं, गिऱ्हाइकाला दहा मिनिटांनी यायला सांगितलं. म्हणाले की खुर्ची नुसती खुर्ची म्हणून नको, बरोबरीची भागीदार म्हणून ये. पाटीवर दोघांचं नाव लावू. मी माप सांगतो, तू लिही. अजून दहा वर्षं असं दुकान चालेल की कुणी बोट ठेवणार नाही.

टाचणीच्या मनात आलं की सकाळी आपण हेच मागायला निघालो होतो. आता ते समोर ठेवलेलं होतं, वर पाटीसुद्धा. तिने टेप हातात घेऊन कापलेली कड बोटाने चाचपली.

"उस्ताद," ती म्हणाली, "मला माप घेता येतं. मला कालपर्यंत वाटत होतं येत नाही. पण येतं. नुसतं लिहायचं बदलायचं आहे."

टाचणीने पिशवीतून बँडच्या लाल कापडाचा एक तुकडा काढला. नवा टेप शेजारी धरला, बरोबर एक इंच मोजला, कापड दुहेरी केलं, आत कडक अस्तर घातलं आणि उस्तादांच्या टेपाच्या तोंडाशी बारीक टाक्यांनी शिवून टाकलं. उस्ताद आधी नको म्हणत होते, हा माझ्या उस्तादांचा टेप आहे म्हणत होते. मग त्यांनीच टेप ताणून धरला. ती दोरा दाताने तोडायला लागली, तेव्हा तिच्यावर ओरडले की दाताने तोडू नकोस, कात्री कशाला दिली आहे.

तिने कात्रीने तोडला. उस्तादांनी टेप ओढून बघितला, स्वतःच्याच छातीभोवती लावला, आकडा मनात वाचला. म्हणाले, "टाका सरळ आहे." त्यांच्या तोंडून एवढं कौतुक पाच वर्षांत निघालं नव्हतं.

शनिवार संध्याकाळपर्यंत टाचणीच्या घरी कुणी नीट जेवलं नाही, पण या वेळी कारण वेगळं होतं. नऊ कोट उसवले. आत दोन बोटं माया होतीच, ती मोकळी झाली आणि छाती-बाह्या-लांबी सगळीकडे गेलेला इंच परत आला. अडलं गळ्याशी. तिथे माया ठेवायला जागा नसते. मग टाचणीने जुन्या कॉलरी काढून टाकल्या आणि घरात पडलेल्या काळ्या मखमलीच्या नव्या कापल्या. टाके उसवायला नवरा बसला, बटणं लावायला मुलगी. सासूबाईंनी खाटेवरून उठून येऊन न बोलता पाटावर बसकण मारली आणि कॉलरींना तुरपाई केली. त्यांची तुरपाई इतकी सुरेख निघाली की टाचणी बघत राहिली. सासूबाई म्हणाल्या, बघतेस काय, मला कधी कुणी विचारलं का.

रविवारी चबुतऱ्यावर नऊ जण उभे राहिले. बँडमास्तरांनी हात वर केला. टाचणीने डोळे मिटले आणि देवाचं नाव घेतलं. श्वास भरल्याचा आवाज झाला, आणि मग मोठ्या काकांच्या वाद्यातून असा दणदणीत सूर निघाला की झाडावरची पाखरं उडाली. बटणं जागेवर होती. काळ्या मखमलीचा गळा लोकांना इतका आवडला की दोघा-तिघांनी तिथेच विचारलं, हे कुणी शिवलं. बँडमास्तरांनी गर्दीकडे बोट दाखवलं. दुसऱ्या टोकाला उस्ताद उभे होते, त्यांच्याकडे कुणीतरी वळून बघितलं, तर त्यांनीही टाचणीकडेच बोट दाखवलं.

घरी आल्यावर टाचणी हात जोडून सासूबाईंसमोर उभी राहिली. म्हणाली, आई, तुमचं जाकीट आणा, एक इंच सैल करून देते. तुम्ही भरला नव्हतात, मीच चुकले होते.

सासूबाईंनी जाकीट अंगावर चढवलं. पहिलं बटण लागलं, दुसरं लागलं, तिसरंही लागलं, आणि वर बोटभर जागा उरली. सहा आठवड्यांची साखर.

"आता सैल कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "उलट, दोन्ही बाजूंनी घे जरा आत."

टाचणीने टेप घेतला, पितळी टोक धरलं आणि माप घेतलं. घसा खाकरून मोठ्याने म्हणाली, छत्तीस. मग वही उघडली, क्षणभर थांबली, आणि लिहिलं छत्तीस. सासूबाई मान उंच करून वहीत बघत होत्या. त्यांना ते पटलं असावं, कारण त्या साखरेचा डबा शोधायला स्वयंपाकघराकडे वळल्या, आणि जाता जाता बजावून गेल्या की खाट आतच राहू दे, पुढच्या खोलीत आता चालताना टाचण्या टोचतात.

दारात काडी उभा होता. त्याला रोज घालायला एक साधा शर्ट हवा होता.